रामाजीनं खाल्लेलं तेल

चांदा जिल्ह्यातल्या मूल या गावापासून दोन कोसांवर पिंपळझरा नावाचं गाव आहे. तिथले मालगुजार, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारे गावमालक, गुणवंतराव लोनबले यांनी छत्तीस साली एक विलायती मोटार घेतली. चार सिलिंडरची, काळी, मागच्या खिडक्यांना पडदे असलेली. पुढं एक्कावन्न साली सरकारनं मालगुजारी काढून घेतली. तलाव गेले, जंगल गेलं, गावावरचा हक्क गेला. मोटार मात्र कोणत्याच कलमात बसली नाही, म्हणून राहिली. लोक गुणवंतरावांना अजून मालक म्हणत, आणि मोटारीतून उतरताना ते मालक दिसतही.

मोटार रामाजी चालवायचा. गावात मोटार एकच आणि ती चालवणारा माणूसही एकच, त्यामुळे दोघांचं नाव एका दमात घेतलं जाई. रामाजी पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. गोठ्यात दूध काढायला माणसं यायच्या आधी तो मोटारीच्या खोलीत शिरलेला असे आणि दार लोटून घेई. आत अर्धा तास तो काय करतो हे कोणी कधी पाहिलं नव्हतं. "रामाजी मोटारीची पूजा करते," असं गुणवंतरावांच्या पत्नी सुगंधाबाई म्हणत. गुणवंतरावांना हे ऐकायला बरं वाटे.

चोपन्नच्या मार्गशीर्षात एका सकाळी मोटार चालू करायला पुढचं हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि रामाजीचं उजवं मनगट मोडलं. मोहर्लीला डोमा नावाचा म्हातारा हाडं बसवायचा. त्याच्या हाताला गुण होता, आणि रामाजीची मुलगीही त्याच बाजूला दिलेली होती. तेव्हा रामाजी आणि त्याची बायको कमळा पाच आठवड्यांसाठी तिकडं निघाले. हात गळ्यात बांधलेला रामाजी बैलगाडीत बसला, पण गाडी हलेना. त्यानंच गाडीवानाला थांबवलं होतं. उतरून तो परत ओसरीपर्यंत आला.

"मालक, रोज तेल पाहत जा. गाडी काढाच्या अगोदर. रोज."

"अठरा वर्षं झाली माझ्याकडं मोटार हाये," गुणवंतराव म्हणाले. "आता तू मले तेल पाहाले शिकवतं काय?"

रामाजीनं मान हलवली आणि जाऊन गाडीत बसला.

गुणवंतरावांना मोटार चालवता येत होती. रस्ता सरळ असावा, समोरून काही येत नसावं, एवढंच. पहिले आठ दिवस ते रोज मूलपर्यंत जाऊन आले आणि रामाजीची तशी काही गरज नव्हती असं त्यांना वाटू लागलं. नवव्या दिवशी तेलाचा काटा शून्यावर आला. त्यांनी बॉनेट उघडून तेल मोजायची सळई काढली. ती कोरडी निघाली.

तेलाचा एक डबा दर महिन्याला मूलहून यायचा आणि महिनाभर पुरायचा. बरीच वर्षं हाच नेम होता. डबा कोठीत, कोठीला कुलूप, आणि रामाजी गेल्यापासून किल्ली गुणवंतरावांच्या कमरेला. तरी पंधराव्या दिवशी डबा खडखडू लागला. त्यांनी डोकं लावलं. रामाजी होता तोवर तेल पुरत होतं. रामाजी गेला आणि तेल पुरेना. म्हणजे जाताना त्यानं डबा अर्धा केला असला पाहिजे. "रोज तेल पाहत जा" हे तो का बोलला, तेही आता त्यांना उमगलं. चोर निघताना आधी आपल्यावरचा आळ धुऊन निघतो.

दुसरा डबा आला. तो त्यांनी स्वतः फोडला. कोठीचं कुलूप बदललं. तोही पंधरा दिवसांत गेला. तेव्हा त्यांनी असं ठरवलं की रामाजीचा कोणी तरी माणूस घरात आहे आणि त्याच्याजवळ नव्या कुलपाचीही किल्ली आहे. घरातल्या गड्यांकडं ते निरखून पाहू लागले. तेल गेलं कुठं हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला, मोटारीला सोडून.

त्यातच मोटार लाथा मारू लागली. चढावर जोर द्यावा तर दोनदा नीट चाले, मग आचका देई, आणि मागं निळ्या धुराचा पडदा लटकत राही. गुणवंतरावांच्या मते हेही रामाजीचंच काम होतं. जाण्याआधी त्यानं आत काही तरी सैल करून ठेवलं होतं.

संक्रांतीनंतर शेजारच्या गावात शंकरपट होता. बैलजोड्यांच्या शर्यती, भोवती सात-आठ गावांची माणसं. दरवर्षी गुणवंतराव मोटारीनं जात, पहिल्या रांगेत बसत आणि जिंकलेल्या जोडीच्या शिंगांना फेटा बांधत. मालगुजारी गेल्यावरही हा मान कोणी काढून घेतला नव्हता. त्या वर्षीही ते निघाले, सुगंधाबाई मागच्या पडद्यात. मोटार पटाच्या अगदी तोंडाशी आली, तीनदा आचकली आणि दाण्यावर, म्हणजे ज्या धावपट्टीवर जोड्या पळायच्या तिच्या बरोबर मध्ये, बंद पडली. धूर इतका झाला की पलीकडची माणसं दिसेनात. गुणवंतराव खाली उतरले. रामाजी गेल्यापासून हँडल घरी गडी मारत, अठरा वर्षांत त्यांनी ते स्वतः कधी हातात घेतलं नव्हतं, आणि एवढ्या लोकांसमोर घ्यायचं म्हणजे कठीण.

जोड्या खोळंबल्या होत्या. शेवटी पंचांनीच शर्यतीसाठी सजवलेली एक जोडी सोडली, मोटारीला दोर बांधला आणि बैलांनी मालकाला सावकाश पटाबाहेर ओढून नेलं. मग कोणी तरी म्हणालं, "जोडी चांगली हाये, पण वेळ लई घेतला," आणि हसू पसरत गेलं.

गुणवंतराव हसणाऱ्यांकडं वळले.

"गाडीत खोट नाई. रामाजीनं माझं तेल खाल्लं."

हसू थांबलं. अठरा वर्षं चाकरी केलेला माणूस चोर निघाला हे ऐकण्यासारखं होतं. गर्दीत कोलू नावाचा माणूस उभा होता. तो लाकडाच्या ठेकेदाराच्या डेपोवर ट्रकांची देखभाल करायचा. तेलाचं खरं काय ते त्याला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर डेपोतून आपण काय दिलं तेही सांगावं लागलं असतं, म्हणून त्यानं तोंडात तंबाखू धरली आणि तो बैलांकडं पाहत राहिला.

चार दिवसांनी रामाजी परतला. मनगट जरा वाकडं बसलं होतं पण चालत होतं. मूलच्या बाजारातच त्याला दोघातिघांनी सांगितलं की तू मालकाचं तेल खाल्लंस. तो सरळ गुणवंतरावांच्या घरी गेला. मालक बाहेर आले नाहीत. यायची गरज नाही, असा निरोप गड्यानं दिला.

घरी कमळा म्हणाली, "जाऊन सांगा तं त्यायले."

"काय सांगू?"

"काय सांगू म्हंजे? जे हाये ते."

"ते सांगतलं तं मालक जेवणार नाईत," रामाजी म्हणाला.

"आपल्याले कोण जेवू घालन ते सांगा अगोदर," कमळा म्हणाली. पण रामाजी खाटेवर बसला आणि मनगट चोळत राहिला.

इकडं गुणवंतरावांनी चांद्याहून पोचू मिस्त्रीला बोलावलं. पोचू सिरोंच्याकडचा. लढाईच्या काळात मिलिटरीच्या वर्कशॉपात चार वर्षं काढलेला, आता मोटारअड्ड्याजवळ चिंचेखाली बसून गाड्या दुरुस्त करायचा. मोठ्या माणसाला तो आपल्या तेलुगू रीतीनं 'दोरा' म्हणायचा, पण काम करताना दोरा आणि हमाल यांत फरक करायचा नाही.

"रामाजीनं आत काय करून ठेवलं ते शोधून दे," गुणवंतराव म्हणाले.

पोचूनं बॉनेट उघडलंच नाही. कशीबशी मोटार चालू केली आणि तो मागं जाऊन धुरासमोर उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "काळा नाई. पांढरा नाई. निळा हाये."

"मंग?"

"पेट्रोल जास्त झालं तं काळा. पाणी शिरलं तं पांढरा. निळा म्हंजे तेल जळून राह्यलं."

"मले धूर नाई, चोर दाखव."

"अगोदर धूर, दोरा."

मग त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून कोरड्या लाकडानं एकेका प्लगवरची वायर उचलली. पहिली उचलली तशी इंजिन धडपडलं. दुसरी, तिसरी उचलली, तेव्हाही धडपडलं. चौथी उचलली तेव्हा इंजिनाला काही कळलंच नाही. जसं चालत होतं तसंच चालत राहिलं.

"हा चार नंबर काम करत नाई," पोचू म्हणाला. "नुसता बसून हाये."

त्यानं चौथा प्लग काढला. तो तेलानं चिंब आणि काळा होता. पुसून तो पहिल्या जागी लावला आणि पहिल्याचा चौथ्यात. थोड्याच वेळात पुन्हा चौथाच बसला. म्हणजे प्लगमध्ये दोष नव्हता, तो जिथं बसायचा तिथं होता. पोचूनं इंजिन बंद केलं, सगळे प्लग परत लावले आणि इकडं तिकडं पाहिलं.

"हँडल कोण मारन?"

गडी शेतावर होते. खोलीत पोचू, गुणवंतराव आणि दाराशी उभ्या सुगंधाबाई.

"दोरा, तुमीच मारा. हळू. हाताले काय लागते ते सांगा."

गुणवंतरावांनी उपरणं दारावर टाकलं आणि हँडल धरलं. फिरवू लागले. हाताला अडलं, जोर लावला, सुटलं. पुन्हा अडलं. पुन्हा अडलं. चौथ्या वेळी हात दह्यात गेल्यासारखा गेला.

"इथी काई नाई," ते म्हणाले. त्यांना हे समजलं याचा त्यांना नकळत आनंद झाला होता.

"बरोबर." पोचूनं चौथा प्लग पुन्हा काढला, भोकातून एक चमचा तेल आत सोडलं आणि प्लग लावला. "आता मारा."

या वेळी चारही वेळा अडलं.

"झालं," पोचू म्हणाला. "तेल पडलं आणि हवा अडून घट्ट झालं, म्हंजे रिंगा गेल्या. पिस्टनच्या भोवती बांगड्यांसारख्या रिंगा असतात, दोरा. तेलाले खाली ठेवाचं त्यायचं काम. त्या सुटल्या की तेल वर येते. प्लग भिजवते, आग धरू देत नाई. म्हणून आचके. आणि उरलेलं जळून मागून निघते. म्हणून धूर."

"किती तेल जळन असं?"

"किती लागते तुमाले?"

"महिन्याले दोन डबे."

"तं दोन डबे."

सुगंधाबाई दारातून म्हणाल्या, "तीन वर्षांपासून माझ्या लुगड्याले जळक्या तेलाचा वास येते. घाट उतरून आलं की तं जास्तच."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी म्हणाले असते, लुगडं जुनं झालं."

दुसऱ्या दिवशी पोचूनं इंजिन उघडलं. हेड काढलं, खालून तेलाचा चेंबर काढला, चारही पिस्टन ओढून बाहेर घेतले. चौथ्याच्या रिंगा झिजल्या होत्या, पण त्याहून वाईट म्हणजे आपापल्या खाचेत चिकटून बसल्या होत्या. भोवती डांबरासारखी काजळी. पोचूनं ती नखानं खरवडली, वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"तुमी कोणतं तेल टाकत होते?"

"नवं. सीलबंद डब्यातलं."

"हे नव्याचं नाई. हे दुसऱ्या गाडीत वापरून काढलेलं तेल हाये. लई दिवस पडून राह्यलं याच्यात."

गुणवंतरावांच्या तोंडावर शंकरपटानंतर पहिल्यांदा उजेड आला. सगळं जुळलं होतं. रामाजी चांगलं तेल विकत होता आणि त्याच्या जागी जळकं तेल ओतत होता. साधी चोरी नव्हे, ही तर चोरीवर चोरी. त्यांनी लगेच गडी पाठवून रामाजीला बोलावलं.

रामाजी आला. मागून कमळाही आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. मोटारीच्या खोलीत शिरताच रामाजीचं लक्ष मालकाकडं गेलंच नाही. फळीवर सुटे मांडलेले चार पिस्टन त्याला दिसले आणि तो तिकडंच गेला.

"याच्यात जळकं तेल टाकलं कोणी?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मी."

"आणि माझं चांगलं तेल कुठी गेलं?"

"तेही याच्यातच टाकलं, मालक."

"दोन्ही याच्यात? एवढं पिते ते?"

कमळा पुढं आली.

"तुमच्या डब्यात पंधराच दिवस निघत," ती म्हणाली. "बाकीचे पंधरा दिवस हे कोलूकडून आणत. ट्रकमधून काढलेलं, फेकाचं तेल. माझ्या जुन्या लुगड्यात चार-चार वेळा गाळून घेत. सकाळी अंधारातून येऊन टाकत, तो चौथा का काय तो प्लग रोज काढून घासत, तवा तुमची गाडी चाले. मी तिकडं मोहर्लीले होती, इथी असती तं शंकरपटातच सांगतलं असतं."

पोचूनं मान हलवली. "जमते," तो म्हणाला. "दोन डबे लागतात, तुमी एक देत होते. दुसरा कोणीतरी देतच होता, नाई तं इंजिन कवाच बसलं असतं. आणि प्लग रोज घासला तं आचका येत नाई. घासणं बंद झालं आणि आचका दिसला."

गुणवंतराव खोक्यावर बसले. हे त्यांनी मांडलेल्या तर्कासारखंच होतं, फक्त उलट्या बाजूनं.

"मले सांगाले काय झालं होतं तुले?"

"सांगतलं होतं, मालक," रामाजी खाली पाहत म्हणाला. "मालगुजारी गेल्यावर, सरकारी माणसं तलावाचे कागद घ्याले आले होते त्या हप्त्यात. म्या म्हटलं, इंजिन जुनं झालं, रिंगा बदलाव्या लागतीन. तुमी म्हणाले, तलाव गेला, जंगल गेलं, मी जुना झालो, आता मोटारही जुनी झाली काय. आणि तुमी दोन दिवस जेवले नाईत."

सुगंधाबाई म्हणाल्या, "नव्हतेच जेवले."

गुणवंतरावांना ते दोन दिवस आठवत होते. कारण मात्र त्यांच्या आठवणीत तलाव होता, मोटार नव्हती. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "म्हंजे तीन वर्षं मी कोलूच्या फेकलेल्या तेलावर चांद्याले जात होतो."

"गाळून टाकत होतो मालक," रामाजी म्हणाला.

पोचू मिस्त्रीला कोणाचा मान राखायची सवय नव्हती. पिस्टन हातात फिरवत तो म्हणाला, "गाळून कचरा निघते, रामाजीभाऊ, जळकेपणा नाई निघत. याच तेलानं रिंगा चिकटल्या. झिजल्या होत्या थोड्याशा, पण नवं तेल भरपूर मिळालं असतं तं अजून चालल्या असत्या."

रामाजीनं त्याच्याकडं पाहिलं. मूलच्या बाजारात चोर म्हणाले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. आता हललं. त्यानं फळीवरचा पिस्टन उचलला, चिकटलेल्या रिंगेवरून अंगठा फिरवला आणि परत जागेवर ठेवला.

"म्हंजे म्याच घालवलं," तो म्हणाला.

कमळानं नवऱ्याच्या हाताला धरून त्याला घरी नेलं.

पुढचे काही दिवस गुणवंतराव फार अस्वस्थ होते. रामाजी चोर नाही हे त्यांना पटलं होतं. अडचण वेगळीच होती. चाकरानं तेल चोरलं असतं तर ते त्यांना समजलं असतं. ज्याच्याकडं असतं त्याचंच चोरीला जातं, चोरी होण्यातही एक मोठेपणा आहे. पण चाकरानं आपल्याला तेल पुरवलं, आपल्याला न कळता, आपण दुखावू नये म्हणून, आणि आपण पडद्याच्या मोटारीत बसून त्या दयेवर फिरत राहिलो, हे गावाला कसं सांगायचं? सुगंधाबाई म्हणाल्या, "जसं झालं तसं सांगा." त्यांनी बायकोकडं असं पाहिलं, जणू तिनं भर चौकात कपडे काढायला सांगितले होते.

शेवटी त्यांना एक वाट सापडली. माघी पुनवेला गावजेवण होतं. पंगती उठल्यावर देवळासमोर सगळे पान खात बसले असताना गुणवंतराव उभे राहिले. रामाजी मागच्या बाजूला बसला होता.

"रामाजीकडून चूक झाली," ते म्हणाले. "पण अठरा वर्षांची चाकरी हाये. म्या ती चूक पोटात घातली. उद्यापासून त्यानं कामावर यावं."

लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, "मन पाहा मालकाचं. राज गेलं पण मन नाई गेलं." गुणवंतराव खाली बसले. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. एवढ्या लोकांसमोर रामाजीला परत घेणं हीच आपली क्षमायाचना आहे आणि रामाजीला ती समजेल, असं ते मनाशी धरून होते. आणि रामाजीला ती समजलीही. अठरा वर्षांत त्याला मालकाचं न बोललेलं जास्त ऐकायची सवय झाली होती. तो उठला आणि त्यानं दोन्ही हात जोडले.

हात जोडलेले सगळ्यांनी पाहिले आणि उरलेली शंकाही फिटली.

घरी कमळा चुलीपुढं बसून होती. तिला बातमी आधीच पोचली होती.

"तुमी चोरी केली होती?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग माफी कायची घेतली?"

"मालकाले तसंच बोलता येते. दुसरं येत नाई."

"त्यायले येत नाई, आणि तुमाले येत असून बोलत नाई. बरी जोडी जमली," कमळा म्हणाली. "उद्या त्या घरी कामाले गेले तं या घरी जेवाले येऊ नका."

रामाजीनं तिच्याकडं पाहिलं. ती चिडलेली असती तर त्यानं चार दिवस वाट पाहिली असती. पण ती शांतपणे पीठ मळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मालकाच्या घरी गेला, पण मोटारीच्या खोलीकडं वळला नाही. खाकी कोट आणि टोपी त्यानं ओसरीवर ठेवली. गुणवंतराव पेपर वाचत होते.

"मी आलापल्लीले ट्रकवर कामाले जाऊन राह्यलो, मालक."

"म्या माफ केलं ना तुले," गुणवंतराव म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हो. लई उपकार झाले." मग जरा थांबून रामाजी म्हणाला, "नव्या रिंगा घातल्या की सुरवातीले गाडी दौडवू नका. हळू चालवा. आणि तेल..."

त्यानं वाक्य तिथंच सोडलं. गुणवंतरावांनी पेपर खाली ठेवला नाही, पण वाचलंही काही नाही. रामाजी फाटकाबाहेर गेल्यावर ते उठले, कोट उचलून त्यांनी स्वतः खोलीत खुंटीला अडकवला आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. सुगंधाबाई म्हणाल्या, "अजून वेशीपर्यंत गेला नसन. हाक मारा." ते म्हणाले, "मले काय गरज पडली."

नागपूरहून रिंगा आल्या. पोचूनं काजळी खरवडून काढली, नव्या रिंगा बसवल्या, इंजिन बांधलं. गुणवंतरावांनी झाडू नावाचा नवा ड्रायव्हर ठेवला. झाडूला हँडल मारता येत होतं आणि भोंगा वाजवता येत होता. सकाळी तो सगळ्यांच्या नंतर उठे आणि मोटारीकडं निघायच्या वेळीच पाही.

रामाजी आलापल्लीहून सागाचे लठ्ठे भरून बल्लारशाला न्यायचा. ट्रक ठेकेदाराचा, त्यातलं तेल ठेकेदाराचं, आणि ते कमी झालं की रामाजी पहिल्याच दिवशी मुकादमाला सांगे. एवढं तो शिकला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी बल्लारशाच्या लाकूड यार्डात त्याला पिंपळझऱ्याचा दसरू भेटला. दसरू गुणवंतरावांच्या शेजारचाच शेतकरी, घराच्या छपरासाठी लाकडी फाटे घ्यायला आला होता. दोघांनी चहा घेतला. इकडचं तिकडचं झालं. दसरू बशीत फुंकर घालत राहिला, मग म्हणाला, "रागावू नको भाऊ. पण गावात लोक बोलून राह्यले."

"काय?"

"तू होता तवा दर महिन्याले एक डबा तेल जात होतं म्हंतात. तू गेला आणि आता एक डबा तीन महिन्यांपासून पडून हाये. संपतच नाई. मालक काई बोलत नाईत, पण झाडू डबा लोकायले हलवून दाखवते. म्हंते, पाहा, चोर गेला आणि तेल राह्यलं."

रामाजीनं कप खाली ठेवला.

"तीन महिने?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि धूर? घाट उतरून आल्यावर मागून धूर निघते काय?"

दसरूनं आठवून पाहिलं. "नाई बा. साफ जाते. आवाजही नाई होत. परवा म्या उन्हात उभा होतो, बाजूनं गेली तं मले कळलीच नाई."

रामाजीनं दसरूला आणखी एक चहा पाजला, फाटे स्वतः निवडून दिले आणि त्याच्या गाडीत भरूनही दिले.

संध्याकाळी आलापल्लीला परतल्यावर हात धुता धुता त्यानं कमळाला सांगितलं. "मालकाच्या मोटारीच्या रिंगा चांगल्या बसल्या," तो म्हणाला. "तीन महिन्यांत एक डबा संपला नाई." मग हे कोणी सांगितलं, कोणत्या निमित्तानं सांगितलं, आणि आपण दसरूला खरं काय ते सांगितलं नाही, तेही त्यानं सांगितलं, काही न लपवता.

कमळानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्यासमोर ताट ठेवलं, भात वाढला, वर वरण वाढलं. आणि पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.